सुरमईखालचा फोन नंबर

मिठबावला आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. स्वयंपाक सासूबाई बघतात, बाकी सगळं मी. त्या बाकीत वेबसाइटही येते. ती नवऱ्याच्या एका मित्राने करून दिली होती आणि मग तो मस्कतला निघून गेला.

एका दुपारी पुण्याची पाच माणसं न कळवता दारात उभी राहिली. घरात पेज आणि सुकट होती. मी म्हटलं, "येण्याआधी एक फोन करायचात."

त्यांच्यातले काका शांतपणे म्हणाले, "करणारच होतो. पण नंबर दाबला की मासा मोठा होतो."

त्यांनी मोबाइल पुढे केला. सुरमईच्या थाळीचा फोटो आमच्या फोन नंबरावर बसला होता. बोट लावलं की पडदाभर सुरमई. असे किती जण सुरमई दाबून कंटाळले आणि दुसरीकडे राहायला गेले, ते कळायला मार्ग नव्हता. सासूबाईंनी पाचही जणांना पेज वाढली. काकांनी ती दोनदा घेतली.

मी मस्कतला मेसेज केला. मित्राचं उत्तर आलं, "वहिनी, आता मी एसीच्या लाइनमध्ये आहे. वेबसाइटच्या डिझाइनवाल्यांचा एक ऑनलाइन मंच आहे, तिथे विचारा. लोक हुशार आहेत." ते कसे बोलतात, हे त्याने सांगितलं नाही.

मी प्रश्नाला शीर्षक दिलं: ‘कृपया मदत करा, अर्जंट’. खाली पूर्ण हकिगत लिहिली, इंग्रजीत, पेजेसकट. पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं: "कोड कुठे आहे?" दुसऱ्याने लिहिलं, हा प्रश्न आधी विचारला गेलाय. तिसऱ्याने माझं एक स्पेलिंग सुधारलं. मग प्रश्नावर ‘बंद’ असा शिक्का पडला.

मी ओसरीवर जाऊन बसले. सासूबाई कोळंबी सोलत होत्या.

"काय झाला गो?"

"थयली लोका माका बोलली."

"वळखीची आसत?"

"नाय."

"मगे कित्याक वायट वाटान घेतंस? परत विचार."

त्यांनी कोळंबीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी अर्धी सोलली आणि परत विचारलं. या वेळी शीर्षक होतं: ‘मोबाइलवर फोटो फोन नंबर झाकतो’. खाली आमच्या पानाचा सगळा कोड चिकटवला.

उत्तर एकाच माणसाने दिलं. पुरुष की बाई, मला अजून माहीत नाही. नावाशेजारी चेहऱ्याऐवजी किटलीचं चित्र होतं. लिहिलं होतं, "पान थोडं थोडं पुसत जा. दोष राहील पण बाकी काही राहणार नाही, इथवर पुसा. मग दाखवा."

हे मला मदतीपेक्षा शिक्षेसारखं वाटलं. तरी पानाची एक नक्कल केली आणि पुसायला बसले. समुद्राचे फोटो गेले, खोल्यांची माहिती गेली, सासूबाईंचा फोटो गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पानावर फक्त सुरमई आणि नंबर उरले आणि कोडच्या अकरा ओळी. त्यातल्या एका ओळीत फोटोला सांगितलं होतं की, तू बाकीच्या मजकुराची पर्वा न करता अमुक जागी थांब. कॉम्प्युटरच्या रुंद पडद्यावर ती जागा रिकामी होती. मोबाइलवर तिथे नंबर येत होता. मी ती ओळ काढली. सुरमई खाली सरकली.

माझ्या प्रश्नाखाली मीच उत्तर लिहिलं. किटलीने त्यावर लिहिलं, "छान." नंतर कितीतरी जुनी पानं वाचली तेव्हा कळलं, हा शब्द तिथे सहसा कुणाला मिळत नाही.

पाहुणे जेवून आडवे झाले की मी रोज मंचावर जाऊ लागले. हळूहळू त्या लोकांचं गणित कळलं. कुणालाही पगार नव्हता. उत्तर फक्त विचारणाऱ्यासाठी नसायचं, तीच अडचण घेऊन पुढे येणाऱ्यासाठीही असायचं. म्हणून शीर्षकावर एवढा कटाक्ष. वर्षभरात मीही उत्तरं देऊ लागले. आणखी सहा महिन्यांत मी त्यांच्यासारखी बोलू लागले.

एकदा एका नव्या माणसाने लिहिलं, ‘अक्षरं फार बारीक दिसतात, लवकर सांगा’. मी खाली एकच शब्द टाकला: "कोड?" तासाभराने बघते तर त्याने प्रश्नच काढून टाकला होता. मला बरं वाटलं नाही, पण फार वाईटही वाटलं नाही. संध्याकाळी किटलीचा खासगी निरोप आला. "मी त्याला विचारलं. त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही. फोनवर काम करतो. तुम्ही विचाराल असं मला वाटलं होतं."

तेव्हा मात्र लाज वाटली. मी त्या माणसाला खासगी निरोप लिहिला, माझं चुकलं, अडचण सांगा. त्याने तीन दिवस उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी कागदावर हाताने उतरवलेल्या कोडचा फोटो पाठवला; फोनवरून कोड चिकटवणं त्याला जमत नव्हतं. तो दूर डोंगरातल्या एका गावात वाचनालय चालवत होता. पुस्तकांची यादी वेबवर टाकली होती, पण येणारे बहुतेक वाचक सत्तरीपुढचे. त्यांना ती वाचता येत नव्हती.

आठवडाभर आम्ही दोघं त्या यादीवर बसलो. अक्षरं मोठी केली की लेखकाचं नाव पुढच्या पुस्तकावर चढायचं. ओळींमधलं अंतर वाढवलं की यादी संपायचीच नाही. मोबाइलकडे बघून मी पुटपुटत होते, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "हो कोण?"

"वाचनालयवालो. अक्षरा मोठी करूक व्हयी आसत तेका."

त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, लांब धरला, मग जवळ धरला. "माका पण दिसत नाय ह्या. रंग काळो कर. ह्यो राखाडी कोणाक दिसतलो?"

आम्ही दोघं आठवडाभर आकारामागे होतो. रंगाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. रंग काळा केला, आकार थोडासाच वाढवला, यादी नीट बसली. त्याने एक फोटो पाठवला: चष्मा कपाळावर ढकललेले एक आजोबा पडद्याकडे बोट दाखवतायत.

आता अक्षरांच्या आकाराबद्दल कुणी विचारलं तर तो माणूसच उत्तर देतो. आधी विचारतो, वाचणाऱ्याचं वय काय. मी बहुतेक मोबाइलवरच्या फोटोंचे प्रश्न घेते.