अर्जदाराचे संपूर्ण नाव

एका मंगळवारी माझे पती दिघीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे कामावर गेले. दुपारी कचेरीत टेबलाशी बसलेले असताना ते गेले. संध्याकाळी त्यांना घरी आणलं.

ते सरकारी कचेरीत लिपिक होते. तेरावं झाल्यावर त्यांच्या कचेरीतल्या आस्थापना शाखेच्या ताई आमच्याकडे आल्या. कर्मचारी नोकरीत असताना वारला तर घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मागता येते, हे मला त्यांच्याकडून कळलं. अर्जाचा कोरा नमुना त्यांनी पर्समधून काढून माझ्यापुढे ठेवला.

"वहिनी, आत्ता हे बोलायची वेळ नाही, मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण पंचेचाळिशी उलटली की प्रतीक्षायादीतून नाव निघतं. तुमच्या हातात फार वेळ नाही. आणि मुलगी अजून अज्ञान, अठराची नाही. अर्ज अडकून पडायला नको."

भाताच्या दोन खाचरांवर आमचं खाणं निघतं. बाकी सगळं त्यांच्या पगारावर चालत होतं. मुलगी तेव्हा बारावीला होती आणि पुढे शिकायचं म्हणत होती.

मी गावातल्या वाचनालयात संध्याकाळी बसते, पुस्तकांच्या नोंदी करते. लिहिण्याची मला सवय आहे. तरी तो अर्ज भरायला मला आठवडा लागला. 'मयत कर्मचाऱ्याचे नाव' असं छापलेलं होतं आणि पुढे ठिपक्यांची ओळ. त्या ठिपक्यांवर त्यांचं नाव लिहायचं होतं. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात लागू नसेल ते खोडायचं होतं. मी 'अविवाहित' खोडलं आणि पेन ठेवलं. 'विवाहित' दुसऱ्या दिवशी खोडलं.

अर्ज घेऊन पलीकडे गेले. त्यांच्या खुर्चीवर अजून कोणी बसत नव्हतं. ताईंनी माझा अर्ज दहावीच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहिला आणि हात थांबवला.

"हे नाव कोणाचं, वहिनी?"

"माझं."

"आणि प्रमाणपत्रावरचं?"

"तेही माझंच."

लग्नात माझं नाव बदललं होतं. आमच्याकडे ते तेव्हा सर्रास चालायचं, पण माझ्या बाबतीत त्याला कारणही होतं. माझं माहेरचं नाव आणि सासूबाईंचं नाव एकच निघालं. लग्नानंतर बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागतं. मी माहेरचं नाव ठेवलं असतं तर सासूबाईंचं नाव आणि त्यापुढे त्यांच्याच मुलाचं, असं वाचावं लागलं असतं. ते कोणालाच बरं वाटलं नाही. म्हणून तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरं नाव लिहिलं गेलं. वीस वर्षं मी त्याच नावाने जगले. रेशनकार्डावर ते, आधारकार्डावर ते. अर्जावर मी तेच लिहिलं, आणि त्यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही.

"तुम्ही एकट्या नाही," ताई म्हणाल्या. "निम्म्या बायका इथेच अडकतात. बदल राजपत्रात छापून आणला होता का?"

कोणीच आणला नव्हता. आता आणायचा तर त्यात वेळ जाणार होता. ताईंनी वेगळा मार्ग सांगितला. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद पत्रिकेवरून झाली होती, म्हणजे माहेरच्या नावाने. तेव्हा अर्जावर प्रमाणपत्रावरचं नाव घालायचं, पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. शिवाय या नोकरीला आपली हरकत नाही, असं सासूबाईंनी तहसील कचेरीत येऊन लिहून द्यायचं.

"तेवढं झालं की अर्ज पक्का," त्या म्हणाल्या.

नाहरकतीचा मसुदा मी घरी आणला. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून मुलीने मोठ्याने वाचून दाखवला. लिहून देणार म्हणून आजीचं नाव आलं. दोन ओळींनी अर्जदार म्हणून पुन्हा तेच नाव आलं. मुलगी थांबली आणि तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणी हसत होतं.

"आजी, तुलाच नोकरी लागतेय."

"गप गो. नीट वाच."

तिने नीट वाचलं. सासूबाईंनी या वेळी पूर्ण ऐकलं.

"माझ्या नावाफुडं माझ्याच लेकाचं नाव? आन् त्याखाली मी आंगठा देऊ?"

"आई, ते नाव माझं आहे," मी म्हणाले.

"तुझं न्हाय. तुझं बदललंय. मीच बदललंय." त्या उठल्या. "मी न्हाय देयाची आंगठा."

मी वाद घातला नाही. वाद घालण्याइतकं माझ्यात तेव्हा काही नव्हतं, आणि त्यांचं मला समजतही होतं. मुलगा गेल्याला महिनाही झाला नव्हता, आणि कागद त्यांना त्याच्या बायकोच्या जागी उभं करतो आहे, असं त्यांना ऐकू आलं असणार. मी मसुदा कपाटात ठेवला. काही दिवस दोघींनीही तो विषय काढला नाही. ताईंचा एकदा फोन आला. मी होतंय म्हणून सांगितलं.

मग एका दुपारी आम्ही भिजवलेले वाल सोलायला बसलो होतो. सासूबाई वर न बघता म्हणाल्या, "नवी आलीस तवा हाक मारली तर वळायची न्हायस. मला वाटलं, भैरी सून केली."

"मला हाक मारताय हे कळायचंच नाही."

"त्यो हसायचा."

"हो. मग आत येऊन मला सांगायचे, आई तुलाच बोलावतेय."

सालांचा ढीग त्यांनी बाजूला सारला.

"वाईट वाटलं व्हतं तुला? नावाचं?"

"रडले होते. मागच्या पडवीत."

"मला कुनी सांगितलं न्हाय."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"तोंड फुटलंय हिला," त्या म्हणाल्या, पण रागाने नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तसं नाव घातलं न्हाय, तर?"

"अर्ज घेणार नाहीत."

"आन् पोरीचं शिक्षान?"

मी हातातला वाल सोलला. त्यांनी उरलेले वाल पुढे ओढले.

"तुझ्या आयबापानं तरी नाव ठेवताना इचार करायचा. पर त्यांना काय ठावं, हितं मी बसलीय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं चांगलं लुगडं काढून उन्हात टाकलं. सोमवारी आम्ही एसटीने तालुक्याला गेलो.

नायब तहसीलदार माझ्यापेक्षा वयाने लहान होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, मग सासूबाईंकडे पाहिलं.

"आजी, नोकरीसाठी अर्ज कोण करतंय?"

"ही. माझी सून."

"हिचं नाव काय?"

सासूबाईंनी माझं माहेरचं नाव घेतलं. त्यांच्या तोंडून ते नाव माझ्यासाठी मी पहिल्यांदा ऐकत होते.

"आणि तुमचं?"

"त्येच."

बाजूच्या टेबलावरचा कारकून हसला. साहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"मग घरी हिला काय म्हणता?"

"घरी मी ठेवलेलं नाव. सरकारात तिच्या आयबापानं ठेवलेलं. दोन्ही तिचीच हायत, सायेब. माझं काय म्हननं न्हाय."

त्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, पण कागदावर उमटवण्याआधी हात मागे घेतला. मला वाटलं, नको म्हणतात.

"माझ्या लेकाचं नाव बराबर लिव्हलंय ना? येकदा वाच."

मी वाचलं. माझं माहेरचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. वीस वर्षांत मी ही तीन नावं या क्रमाने कधी उच्चारली नव्हती. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी मान हलवली आणि अंगठा दिला.

अर्ज त्याच आठवड्यात दाखल झाला. ताईंनी शिक्का मारून पोच दिली, आणि पुढे यादी लागली तेव्हा फोन करून कळवलंही. मुलगी आता माणगावला कॉलेजात शिकते. सासूबाई मला पूर्वीच्याच नावाने हाक मारतात.

आज मुलगी सुट्टीला आली आहे, घरात आम्ही तिघी आहोत. ते नाहीत. यादीत माझं नाव आहे, बोलावणं अजून आलेलं नाही.