पडद्याआडचं मत

माझे सासरे, मामंजी, जेवणापासून जावयापर्यंत सगळ्यात पक्ष आणायचे. भाजी अळणी झाली तर ताट सरकवून म्हणायचे, "आमच्या पक्षाले हे चालत नाही." अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात पक्षाची सभा भरायची ती आमच्याच ओसरीवर, आणि चहाचं आधण कायम माझ्या वाट्याला.

सत्तावन्नच्या निवडणुकीत पक्षाने उमेदवारी दिली गोंदियाच्या एका राइस मिलवाल्याला. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत आधी जातं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. गावाने मामंजींपाशी हट्ट धरला. तीन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत, चौथ्या दिवशी अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं शिडी. पक्षातून काढल्याचं पत्रही लगोलग आलं.

तेव्हा मतदानाला पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली पेटी निराळी असे. बायकांनी चुकू नये म्हणून मामंजींनी ओसरीवर दोन रिकामे डबे मांडले, चिन्हं चिकटवली आणि सगळ्यांकडून चिठ्ठ्या टाकवून घेतल्या. कोणी डब्याला हळदकुंकू वाहिलं तर सांगायचे, "हात दोघाईले जोडा, चिठ्ठी शिडीत टाका." मीसुद्धा डोक्यावरचा पदर सावरत दारोदार हेच सांगत फिरले.

मामंजी पडले, सपाटून पडले. दुसऱ्या दिवशी मी अंगणात तांदूळ पाखडत मिलवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते. ते जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, माहं मत त्याच्याच पेटीत हाय."

मला वाटलं, हात चुकला असेल. तसं विचारलंही.

"नाही. पडद्याआड कोणी नव्हतं. एवढी वर्सं ज्या पक्षाले माय मानलं, तिले नाही म्हनता आलं नाही."

"मंग आमाले काऊन फिरवलं?" मी म्हटलं. त्यांचे डोळे भरले होते. मी सूप उचललं आणि तरातरा आत निघून गेले.

पुढे दोन वर्षं ते जगले. पक्षाच्या जीपा रस्त्याने जायच्या, एकही थांबली नाही. ते गेले तेव्हाही तिकडून कोणी आलं नाही. गाव अजून अभिमानाने सांगतं, मामंजी पक्षाला भ्याले नाहीत. मी गप्प राहते. त्यांची फार आठवण येते. एवढ्या भरल्या गावात त्यांना ते सांगायला माझ्याशिवाय माणूस नव्हतं, आणि मी दोन घटकाही त्यांच्याजवळ बसले नाही.