सेइजिरोची गाडी अडखळते

खिंडीचा चढ लागला की सेइजिरो नोमियामाची जुनी पांढरी गाडी अलीकडे अडखळू लागली होती. ॲक्सिलरेटर दाबावा, तर ती क्षणभर काहीच करायची नाही. दारात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखी थबकायची, एक आचका द्यायची आणि मग धावायची. त्या आचक्याने सेइजिरोला मेल्याहून मेल्यासारखे होई. उभा जन्म त्याने याच खिंडीतून बस चालवली होती. नोमियामा गियर बदलतो तेव्हा आईच्या मांडीवरचे मूलसुद्धा जागे होत नाही, असे गावात म्हणत.

खिंडीपलीकडच्या वृद्धाश्रमात त्याची बायको फुसाए राहत होती. ती त्याच बसवर कंडक्टर होती आणि दोघांचे जमले तेही बसमध्येच. आता तिला नवरा आठवत नव्हता. सेइजिरो खोलीत जाऊन समोर बसला, तर ती परक्या माणसाला करावा तसा वाकून नमस्कार करी आणि भिंतीकडे पाहत राही. पण त्याने अंगणात गाडी मागे घ्यायला सुरुवात केली, की ती परिचारिकेचा हात सोडवून बाहेर येई, गाडीच्या मागे उभी राही आणि हात हलवत खणखणीत आवाजात म्हणे, "ओराई, ओराई! येऊ द्या... थांबा!" बस मागे घेताना कंडक्टर बायका घालत तीच साद. मग खिडकीशी येई. "दमलात का, ड्रायव्हरसाहेब? वर धुकं होतं ना आज?"

तेवढ्यापुरता तो तिचा असे. सेइजिरो दर रविवारी जाई तो त्यासाठी. खिंडीतली बस कधीच बंद झाली होती. गाडी सुटली की फुसाए सुटली, हे त्याला पक्के ठाऊक होते.

म्हणून तो प्रथम तोकुझोकडे गेला. तोकुझो कुवाबारा बस डेपोतला जुना मेकॅनिक, वयाने धाकटा. आता पुलाजवळ त्याचे स्वतःचे गॅरेज होते. गेल्याच महिन्यात त्याने या गाडीची सर्व्हिसिंग केली होती.

"वय झालं हो, सेइसान," बॉनेटमध्ये डोके घालून तोकुझो म्हणाला.

"कुणाचं म्हणतोस?"

"गाडीचं हो, गाडीचं! भंगारवाला घरी येऊन घेऊन जातो हल्ली."

"मग तुलाही न्यायला सांगतो त्याला. गुडघे तर तुझेही वाजतात."

तोकुझो हसला, पण डोके काही त्याने वर काढले नाही. सेइजिरो गाडी घेऊन घरी आला आणि स्वतःच शेडमध्ये कामाला लागला. प्लग काढून घासले. पॉइंट तपासले. वायरी बदलल्या. पेट्रोलचा फिल्टर नवा घातला, आणि पाणी तर शिरले नाही ना म्हणून थोडे पेट्रोल बाटलीत काढून उजेडात धरले. पेट्रोल स्वच्छ होते. गाडी मात्र आचका देतच राहिली.

शेवटी त्याने एअर फिल्टर उतरवला आणि कार्बोरेटरच्या घशात बॅटरीचा उजेड टाकून हाताने ॲक्सिलरेटरची केबल ओढली. केबल ओढताक्षणी पेट्रोलची धार सुटायला हवी. इथे ती उशिरा सुटली, आणि नुसती पाझरली. ही धार सोडणारा कार्बोरेटरमधला छोटा पंप ढकलणाऱ्या दांडीला तीन भोके असतात. ज्या भोकात धार सगळ्यात कमी सुटते, त्यात ती अडकवलेली होती. दांडी आपणहून भोक बदलत नाही. शिवाय तिच्यातली पिन नवी कोरी होती आणि पिनेची दोन्ही टोके वर वळवलेली होती, मिशीसारखी. डेपोत त्या वळणाला सगळे 'तोकुझोची मिशी' म्हणत.

सेइजिरोने दुसरी पिन घालून दांडी योग्य भोकात लावली आणि ती पिन खिशात टाकली.

गॅरेजमध्ये तोकुझो चहा पीत होता. सेइजिरोने पिन त्याच्या कपाजवळ ठेवली.

"ही मिशी कुणाची?"

तोकुझोने कप खाली ठेवला. "माझीच."

"विश्वासानं दिलेल्या गाडीत खोट घालतोस? लाज नाही वाटली? घाटात अडली असती म्हणजे?"

"अडली असती, सेइसान. पण धडकली नसती."

त्याने खण उघडला आणि पिवळ्या कापडाची एक चिंधी पुढे सरकवली. "सर्व्हिसिंगला गाडी आली, तेव्हा तुमच्या बंपरच्या कोपऱ्यात अडकली होती. शाळेपुढे रस्ता ओलांडताना मुलं हातात धरतात ना, त्या निशाणाची. मी जाऊन बघितलं. ती निशाणं ठेवायचा रस्त्याकडेचा डबाच आडवा झाला होता. रविवार, म्हणून पोरं नव्हती. डबा उभा करून तारेनं बांधून आलो."

सेइजिरोने चिंधी हातात घेतली. शाळा त्याला आठवत होती, कुंपणावरची हायड्रेंजियाची ओली फुले आठवत होती. धक्का आठवत नव्हता. आवाज आठवत नव्हता. तो पुन्हा पुन्हा आठवून पाहू लागला आणि प्रत्येक वेळी रस्ता मोकळाच दिसला.

"तुम्हाला कळलंच नव्हतं ना?" तोकुझोने हळूच विचारले.

"नाही."

"मग मी तोंडावर कसं बोलू? तुमचा ओरडा खात वाढलेला माणूस मी! म्हटलं, गाडीच वैताग आणेल, तुम्हीच म्हणाल, पुरे झालं."

"गाढवा," सेइजिरो म्हणाला, "गाडी बिघडली म्हणून ड्रायव्हर गाडी सोडतो होय? तो ती दुरुस्त करत बसतो." त्याने चिंधीची नीट घडी घातली. "दांडी लावली आहे मी. आता बरी पळेल. रविवारी तू चालव."

त्याच आठवड्यात त्याने पोलीस ठाण्यात लायसन जमा केले. तिथल्या मुलीने ते दोन्ही हातांनी घेतले आणि "फार वर्षं कष्ट घेतलेत," म्हणून वाकून नमस्कार केला. लायसनची जागा, कोटाचा आतला खिसा, परत येताना तो सारखा चाचपत होता.

रविवारी गाडी खिंड चढली ती लोण्यासारखी. एक आचका नाही. सेइजिरो डावीकडच्या सीटवर होता आणि प्रत्येक वळणाआधी त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता.

आश्रमाच्या अंगणात तोकुझोने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली, आणि फुसाए बाहेर आली. "ओराई, ओराई! अजून येऊ द्या... थांबा!" ती लगबगीने ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली, वाकली, आणि हसून म्हणाली, "दमलात का, ड्रायव्हरसाहेब?"

तोकुझोने शेजारच्या सीटकडे बोट दाखवले.

फुसाए वळसा घालून या बाजूला आली. तिने सेइजिरोकडे पाहिले. नजर अदबीची होती, ओळखीची नव्हती.

"आपण कुठं उतरणार?"

सेइजिरोने आपल्या घराजवळच्या थांब्याचे नाव सांगितले.

"म्हणजे अगदी शेवट. लांब आहे हं. बसून राहा, वळणं फार आहेत." तिने हवेतच बोटांनी तिकिटाला भोक पाडले आणि तिकीट पुढे केले.

सेइजिरोने ते दोन्ही हातांनी घेतले आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.