हळूकाका

माझ्या काकाला सगळे हळूकाका म्हणायचे. तळ्याचं अभयारण्य झालं तेव्हापासून तो तिथला रखवालदार. काठावर कुणी जरा मोठ्यानं बोललं की होडीतूनच म्हणायचा, "हळू." साहेब असो की शाळेची सहल, त्याला सगळे सारखेच. ही खोड घरातही आली. भांडं आपटलं की स्वारी स्वयंपाकघराच्या दारात हजर. काकू म्हणायची, या घरात भांडायचं तरी कसं, कुजबुजत?

थंडीत बदकं उतरली की तो वल्हं असं चालवायचा की पाण्याला कळू नये. होडी आली की बदकं फक्त जराशी बाजूला सरकत, बाकावर शेजाऱ्याला जागा द्यावी तशी. काकूला त्यांचा हेवाच वाटायचा.

मग एका वर्षी पाणी आटलं आणि उरलेलं नासलं. पक्षी माना टाकून मरू लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेलेले उचला आणि जिवंत आहेत त्यांना हाकलून लावा, या पाण्यात टेकू देऊ नका. हे काम काकाच्या गळ्यात पडलं. काकूनं तेलाचा रिकामा डबा दिला. तो बडवत, घसा फोडून ओरडत काका होडीतून फिरू लागला. काठावरच्या लोकांना आधी हसू आलं.

बदकं उठेनातच. हा ओरडणारा माणूस आपलाच काका आहे, एवढं बहुतेक त्यांना कळत होतं. शेवटी त्यानं त्यांच्यामध्येच वल्हं आपटलं, तेव्हा सगळा थवा किंचाळत उडाला. घरी आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. ताट तसंच राहिलं.

"पुन्हा येतील ना गं?" एवढंच त्यानं काकूला विचारलं.

पुढच्या थंडीपर्यंत तळं भरलं, पाणी निवळलं. बदकं आली. काकानं होडी सोडली आणि ती लांबूनच उठली. त्यानं सदरा बदलला, दुसऱ्याची होडी घेतली. तरी उठली. मग साहेबांनी नव्या रखवालदाराला काकाच्याच होडीत बसवून पाठवलं. एक पक्षी हलला नाही.

विसरतील हळूहळू, असं साहेब म्हणाले. काकानं मान हलवली आणि होडीची साखळी नव्या माणसाच्या हातात दिली.

"वाचली ना? मग झालं," तो म्हणाला.

झालं कसलं? मला त्या बदकांचा राग येतो. ज्यानं जीव वाचवला त्यालाच भ्यायचं, ही कुठली रीत? पण राग धरून करणार काय, त्यांना समजावणार कोण?

आता काका मागच्या खोलीत तळ्याकडची खिडकी लावून बसतो. परवा मी गेले होते. काकूनं माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं पातेलं मुद्दाम फरशीवर टाकलं. केवढा आवाज झाला. आम्ही दोघी दाराकडे बघत उभ्या राहिलो. पातेलं गरगरत थांबलं. दारात कुणी आलं नाही.