थांबलेल्या डब्यातली किंकाळी

त्या होर्डिंगवर माझं तोंड दहा फुटांचं होतं आणि खाली अवतरणचिन्हांत लिहिलं होतं, ‘मी पुन्हा जन्मले!’ हे वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारलेलं नाही. ज्या राइडबद्दल ते होतं, तिच्यात तोवर मी बसलेही नव्हते. इतकी वर्षं झाली, तरी हे सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे.

मी तेव्हा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. यवतमाळहून नोकरीसाठी आले आणि बिबवेवाडीत एका निवृत्त शिक्षिकेकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिले. त्यांना मी काकू म्हणायचे. मला वेड होतं ते राइडचं. सुट्टी मिळाली की मी दुसऱ्या शहरातल्या पार्कात जाऊन रोलर कोस्टरमध्ये बसून यायचे. इंटरनेटवर अशाच वेड्यांचा एक ग्रुप होता. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून ऑफिस सुटल्यावर मागे थांबून मी त्यावर लिहायचे.

पुण्याबाहेर नवा पार्क होतोय आणि त्यात मोठा रोलर कोस्टर येतोय असं कळलं, तेव्हापासून ग्रुपला दुसरा विषयच उरला नाही. पार्कवाल्यांनीही हवा तशीच तापवली. आधी शहरभर नुसती काळी होर्डिंग, वर दोनच शब्द, ‘तो येतोय’. मग पेपरात पानभर जाहिरात, ‘उलटे फिराल! असा थरार देशात नाही’. मग ‘नाजूक मनाच्यांनी लांब राहावं’. उंची किती, वेग किती, हे मात्र कुठेच छापलेलं नव्हतं. टेस्टरला हे खटकायला हवं होतं. मला खटकलं नाही, कारण ते सगळं खरं असावं असं मला मनापासून वाटत होतं. ग्रुपवर एकानं विचारलंही, ‘आकडे का देत नाहीत?’ त्याला मीच झापलं. ‘मजा घालवू नकोस,’ असं लिहिलं.

एक दिवस ग्रुपच्या ॲडमिननं जाहीर केलं, की पार्क सुरू होण्याआधी आपल्यातल्या चाळीस जणांना पहिली राइड मिळणार. माझं नाव यादीत होतं. मी ऑफिसात पोटदुखीचं कारण सांगितलं आणि सकाळी सातला स्वारगेटला त्यांच्या बसमध्ये बसले. बसमध्ये आम्हाला लाल टी-शर्ट दिले आणि एका फॉर्मवर सह्या घेतल्या. ‘सेफ्टीचा आहे,’ असं फॉर्म वाटणारी मुलगी म्हणाली. आम्ही गाणी म्हणत सह्या केल्या. एकानंही तो वाचला नाही.

रोलर कोस्टर लांबून दिसला, तेव्हा तो अगदीच बुटका वाटला. मग कुणीतरी हळूच म्हणालं, ‘उरलेला मागे असेल.’ मागे काही नव्हतं.

आम्हाला डब्यांत बसवलं, छातीवरचे बार खाली आले. तेवढ्यात समोर कॅमेरे आणले. बाजूला गिरणीतल्यासारखा मोठा पंखा लावला. भोंगा घेतलेला एक माणूस ओरडला, ‘तीन म्हटलं की किंचाळायचं! हात वर! केस मोकळे सोडा!’

‘अहो, पण गाडी कधी सुटणार?’ मी विचारलं.

‘गाडी आज नाही मॅडम. टेस्टिंग चालू आहे. आज फक्त शूट.’

मला उतरता आलं असतं. हेच मला सगळ्यात जास्त लागतं. बार उचला म्हटलं असतं, तर कुणी अडवलं नसतं. पण शेजारचे सगळे हात वर करून बसले होते आणि पहिली राइड नंतर नक्की आपलीच, असं ॲडमिन म्हणत होता. पंखा सुरू झाला. मी किंचाळले. दोन तासांत बहुधा तीस वेळा किंचाळले, जागच्या जागी, थांबलेल्या डब्यात. मग वडापाव देऊन आम्हाला परत पाठवलं.

दहा-बारा दिवसांनी होर्डिंग लागलं आणि पेपरातही तोच फोटो आला. यवतमाळहून आईचा फोन, ‘बाई, पेपरात फोटो आला तुहा. पडली का काय कुठून?’ काकू भाजी घेऊन आल्या आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘चौकात तुझी किडकी दाढ दिसतेय. दाखवून घे डॉक्टरांना.’

ते वाक्य माझ्या तोंडी घातलेलं बघून मी चिडले, हे खरं. जाहिरात कंपनीला फोनही केला. ‘फॉर्मवर सही आहे ना मॅडम,’ एवढंच उत्तर मिळालं. पण ऑफिसातले सगळे ‘कशी आहे गं?’ विचारायला लागले, तेव्हा मी ‘मस्त’ म्हणाले. एकदा नाही, दिवसभर. संध्याकाळी काकूंनी विचारलं, तेव्हाही तेच.

पार्क सुरू झाला त्या आठवड्यात काकूंच्या दोन नाती नाशिकहून आल्या होत्या. काकू त्यांना घेऊन गेल्या. संध्याकाळी परतल्या, चपला काढल्या आणि तांब्याभर पाणी पिऊन खुर्चीत बसल्या. चेहरा उन्हानं लालबुंद झाला होता.

‘चार तास रांगेत उभी होते,’ त्या म्हणाल्या. ‘पोरी मिनिटाच्या आत खाली आल्या. जाहिरातीतलं ते उलटं फिरणं अजून बंद आहे म्हणे. धाकटी मला विचारते, आजी, मग ताई एवढी कशाला ओरडत होती? काय सांगू तिला?’

मी सगळं सांगितलं. पंखा, भोंगा, वडापाव. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘हे मला गेल्या आठवड्यात सांगायला जीभ जड झाली होती का?’ एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. वाटलं होतं, त्या चाळिसांतले बाकीचे तरी दुजोरा देतील. छे! ‘पार्कला एक संधी द्या’, ‘तुला फुकट टी-शर्ट चालला ना?’, ‘मजा घालवू नकोस’. संध्याकाळपर्यंत माझं लिखाण ॲडमिननं काढूनही टाकलं. त्याला वर्षभराचा पास मिळाल्याचं नंतर कळलं. पार्कवाले खोटं बोलले, त्याचा राग आलाच. पण ज्यांना फसवलं तेच त्यांची बाजू घेऊन माझ्यावर तुटून पडले, त्याचा राग त्याहून मोठा होता.

शनिवारी मी नारायण पेठेतल्या जाहिरात कंपनीच्या ऑफिसात निघाले. काकू न सांगता चपला घालून बरोबर आल्या. तिथला तिशीतला मॅनेजर हसून म्हणाला, ‘काकू, हे मार्केटिंग असतं. लोकांना कळतं ते.’

‘मला नाही कळलं,’ काकू म्हणाल्या. ‘मी सत्तर वर्षांची आहे, तीस वर्षं शाळेत शिकवलंय, आणि मी उन्हात उभी राहिले. ही मुलगी बसलेलीच नाही, तर हे वाक्य कुणाचं?’

‘कॉपीरायटरचं.’

‘मग त्याचा फोटो लावा.’

तो हसला, चहा मागवू का म्हणाला. आम्ही चहा घेतला नाही. मी लेखी तक्रार दिली, पोच मागितली. पोच मिळाली, उत्तर कधीच आलं नाही. होर्डिंग महिन्याभरानं उतरलं, तेही माझ्या तक्रारीमुळे नाही. ती जागा एका मोबाइलच्या जाहिरातीनं घेतली.

कबूल केलेली पहिली राइड आम्हाला मिळालीच नाही. पुढच्या हिवाळ्यात, आठवड्यातल्या मधल्या वारी, मी तिकीट काढून एकटी त्या राइडमध्ये बसले. तोवर उलटा फेराही सुरू झाला होता. राइड छोटी होती, पण चांगली होती. शेवटच्या वळणावर एक अचानक उतार होता, तिथे पोटात खरंच गोळा आला. ज्या कुणी इंजिनिअरनं तो उतार आखला, त्याला काम कळत होतं. ‘छोटी आहे, पण या, मजा येईल,’ एवढं सरळ छापलं असतं, तरी मी दहादा गेले असते, काकूंच्या नातींना घेऊन गेले असते. त्या माणसाच्या मेहनतीवरसुद्धा त्यांनी खोट्याचं ओझं लादलं होतं. बार वर झाला तरी मी रागानं तशीच बसून होते. शेवटी तिथल्या ऑपरेटरनं मला उतरायला सांगितलं.