मोगलाईतली ओळख

नगरहून निघाले तेव्हा सगळ्यांनी बजावलं, मोगलाईत चालली आहेस, जपून राहा. जसं काही मी समुद्रापार निघाले होते! मनमाडला गाडी बदलायची की पुढे जालना. पण मधे निजामाची हद्द लागे. तिथे करोडगिरीचे शिपाई जकातीसाठी डब्यात चढून ट्रंका उपसत, आणि पलीकडे नाणं वेगळं, कचेरीची भाषा वेगळी. माझं नवं लुगडं शिपायाने उलटंपालटं करून पाहिलं तेव्हाच माझं डोकं तापलं होतं.

मुलींच्या शाळेत मला मास्तरीण म्हणून नेमलं होतं. वय बावीस आणि लग्न झालेलं नाही, एवढं जालन्याच्या बायकांना पुरे होतं. हळदीकुंकवाला हौसेने बोलावत आणि मी टेकले की चौकशी सुरू. ‘‘तुमच्या इंग्रजीत पोरी अशाच ठिवत्यात का वो?’’ इंग्रजी म्हणजे इंग्रजांची हद्द. मी पाहुणी नव्हतेच, जत्रेतलं दोन तोंडांचं वासरू होते.

नोकरी कायम व्हायची तर उर्दू शिकणं भाग होतं. माझ्या घरमालकीण काकूंनी मुलांच्या शाळेतले एक मास्तर गाठले. जवळच्याच टेंभुर्णीच्या शेतकरी घरातले, अक्षर सुरेख. दर शनिवारी ते ओसरीवर येत, काकू आमच्या मधोमध सूप घेऊन बसत आणि आम्ही अलिफ-बे गिरवत असू. वर्षभर त्या सुपातले खडे काही संपले नाहीत.

मला ते आवडू लागले. त्यात लपवायचं काय? मी चुकले की रागावत नसत, हसून पुन्हा लिहून दाखवत. त्या परक्या गावात माझ्याशी चौकशीखेरीज काही बोलणारा तो एकच माणूस होता. अंगारकीला काकू आम्हा दोघांना बैलगाडीतून राजूरच्या गणपतीला घेऊन गेल्या. काकू दुर्वा घेत होत्या तेवढ्यात मास्तरांनी मला विचारलं, ‘‘मायला घेऊन येऊ का, तुम्हाला पाहायला?’’ मी हो म्हटलं. वडिलांना पत्र टाकलं. त्यांनी कळवलं, तुला पसंत असेल तर माझ्या जागी काकू आहेतच.

मास्तर आई आणि मामांना घेऊन आले. मी पोहे दिले. ‘‘चालून दाखीव बरं, पोरी,’’ आई म्हणाल्या. चालले. केस सोडून दाखवायला सांगितले. सोडले. सगळा राग गिळला, कारण हा माणूस मला हवा होता.

मग मामांनी मास्तरांना कोपराने ढोसलं, ‘‘इचार की काही.’’

मास्तर खाली बघत म्हणाले, ‘‘तुमचं नाव काय?’’

मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसणारच होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. एक वर्ष शनिवारमागून शनिवार माझ्यासमोर बसलेला हा माणूस मला नाव विचारत होता! मी नाव सांगितलं. शाळेत नवीन आलेली पोरगी सांगते तसं, पुसट.

आईंना कसला तरी संशय आला असावा. ‘‘इंग्रजीतल्या पोरी पुरुषांसंगं बोलत्यात, हिंडत्यात म्हणं. हिची तुझी आधीची वळख हाय का रे? खरं सांग.’’

मी मास्तरांकडे टक लावून पाहिलं. ‘हाय’ एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. पुढचं सगळं मी निभावून नेलं असतं, त्यांच्या आईचे टोमणे, टेंभुर्णीची चूल, सगळं.

‘‘न्हाई, माय. आजच पाहून राह्यलो.’’

काकूंनी मान खाली घातली. मला संताप आला तो आईंचा नाही. त्या बिचाऱ्यांनी सरळ विचारलं होतं.

पुढच्या शनिवारी ते नेहमीच्या वेळी आले, हातात पेढ्यांचा पुडा. ओसरीवरूनच आनंदाने म्हणाले, ‘‘काकू, जमलं! मायला बिलकुल पसंत हाय. खरं सांगितलं असतं तर तिनं बाईंना भलतंच समजलं असतं.’’

मी दारात आले, त्यांच्याकडे न बघता.

‘‘काकू, ओसरीवर कोणी परपुरुष आलेत. त्यांना जायला सांगा. माझी त्यांची ओळख नाही.’’