इनायतभाईचा फिल्टर

आरमोरीच्या बाजारात शर्ट-पँट शिवणाऱ्या इनायतभाईच्या घरी इंटरनेट आलं ते एका अटीवर. पोरगी शिरीन नर्सिंग शिकत होती, तिला अभ्यासाला पाहिजे होतं. तिची आई शकिला म्हणाली, "घरात एक जरी घाण चित्र दिसलं, तर वायर मीच कापीन. मंग मले काई सांगू नका."

म्हणून इनायतभाईनं कॉम्प्युटरवाल्याकडून घाण चित्रं अडवणारा फिल्टर टाकून घेतला. पासवर्ड स्वतःजवळ ठेवला. त्याला वाटलं, चला, घराला कडी लागली. कसलं काय! त्या मेल्या फिल्टरला काडीची अक्कल नव्हती. शिरीननं बाळंतपणाचा धडा उघडला, अडवला. स्तनपानाचं पान उघडलं, तेही अडवलं. आणि क्रिकेटचा स्कोअर पाहायला जावं, तर बाजूला अर्ध्या कपड्यातली बाई नाचत हजर! तिला मात्र तो अडवतच नव्हता. शकिला यायच्या आत ते बंद करता करता इनायतभाईला घाम फुटायचा.

"अब्बा, काढून टाका ना तो फिल्टर. माहा अभ्यास अडून राह्यला," शिरीन म्हणायची.

"अन् तुह्या अम्मीले काय सांगू?" तो खेकसायचा आणि मग स्वतःवरच चिडून मशीन जोरात चालवायचा.

शिवताना त्याला कव्वाली लागायची. बसस्टँडजवळच्या मोबाइल दुकानातून त्यानं मोबाइलचं मेमरी कार्ड गाण्यांनी भरून आणलं. दुकानदारानं आधीच्या गिऱ्हाइकाच्या कार्डातलं सगळंच्या सगळं त्यात ओतलं, निवडत बसायला त्याला वेळ कुठे! जेवताना इनायतभाईनं कौतुकानं मोबाइल बायकोच्या हाती दिला. कव्वाली संपली आणि पुढचा घाण व्हिडिओ आपोआप सुरू झाला. शकिलानं मोबाइल असा आपटला, की डाळीत पडता पडता राहिला.

"अवं, हे वायरमधून नाई आलं! माह्या खिशातून आलं!" इनायतभाई कळवळून सांगत राहिला.

"खिशातून येवो नाई तं आभाळातून! घरात आलं का नाई?" असं म्हणत शकिला उठली. तिनं त्याचीच कापड कापायची मोठी कात्री घेतली आणि वायर कचकन कापली. कॉम्प्युटरवर शिरीनचं अडवलेलं पान तसंच होतं.

"अब्बा, सोमवारी परीक्षा हाय," शिरीन एवढंच म्हणाली.

इनायतभाईनं मोबाइल उचलून पुसला आणि खिशात घातला. गिऱ्हाइकांचे फोन त्या मोबाइलवरच यायचे; घाण आली ती त्यातूनच, पण त्याला कोणी कात्री लावली नाही.